काळ पाहणाऱ्यावर अवलंबून नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाहणारा सजीव नसेल तर काळही नाही आणि मापनही नाही, हा आपल्या रविवार पुरवणीतील लेखाचा निष्कर्ष मला मान्य होण्यासारखा नाही. एकके माणसाने ठरवली, हे खरे आहे. १९६७ साली सेकंदाची व्याख्या सिझियम-१३३ अणूशी निगडित ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बेतली गेली, तो माणसांचाच करार होता. पण ती आंदोलने कोणत्या लयीत व्हावीत, हे काही त्या कराराने ठरलेले नाही.

आमच्या जिल्ह्यातील लोणारचेच पाहा. उल्काघाताने झालेल्या या विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन समस्थानिकांच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दाखवले. इतका मोठा फरक पाहून ‘म्हणजे काळ मोजणाऱ्यावरच अवलंबून’ असे कोणी म्हणेल, पण मला त्यातून नेमके उलटे दिसते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, म्हणूनच तर वाद होतो. आघाताला स्वतःचे असे वय नसते, तर कोणाचीही मोजणी चुकली असे म्हणायला आधारच उरला नसता.

लोणारच्या आघाताच्या वेळी पृथ्वीवर सजीव होते, असा आक्षेप कोणी घेईल. त्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स या टेकड्यांतील झिरकॉन या खनिजाचे स्फटिक आहेत. त्यांतील सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे, म्हणजे जीवसृष्टीच्या आजवर सापडलेल्या कोणत्याही पुराव्याहून जुने आहेत. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास थारा देत नाही. पुढे युरेनियम-२३८ पैकी निम्मे ४४७ कोटी वर्षांत शिशात बदलते. युरेनियम आणि शिशाचे ते प्रमाण वाचायला आपण लागतो. ते बदलत जायला कोणीही लागत नाही.

सापेक्षता सिद्धान्तातील ‘निरीक्षक’ हा शब्दही लेखात जिवंत माणूस या अर्थाने घेतला आहे, आणि घोटाळा तिथेच झाला आहे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात बऱ्याच उंचीवर जन्मणाऱ्या म्युऑन या सूक्ष्म कणांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जातो, तरी त्यांतले पुष्कळ कण जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण त्यांच्या प्रचंड वेगामुळे आपल्या घड्याळांच्या तुलनेत त्यांचा काळ मंद चालतो. काळाची गती वेगानुसार बदलते, पाहणाऱ्याच्या जाणिवेनुसार नव्हे.

एक गोष्ट मात्र मी लेखकाला मोकळेपणाने देईन. ‘आत्ता’ म्हणून आपल्याला जो क्षण वेगळा भासतो, त्याला भौतिकशास्त्राच्या समीकरणांत खास जागा नाही, आणि तो जाणिवेशिवाय असतो का, हा प्रश्न माझ्या मते खरोखर खुला आहे. लेखकाने पुढील लेख त्या प्रश्नावर लिहावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)