चौथ्या मजल्यावरून, वायरमन काकांना

ती. काकांना सा. न.

तुम्ही चहा अर्धा टाकून मंडपाकडे पळालात, त्यामुळे आभाराचे धड दोन शब्द बोलताही आले नाहीत. गणपती तोंडावर आलेले, खाली तुमच्या शिड्या लागलेल्या, पोरं वायरीची बंडलं घेऊन तुमची वाट बघत उभी. आणि मी तुम्हाला गुडघा धरत चार मजले चढायला लावले, तेही माशांच्या टँकच्या दिव्यासाठी. आल्या आल्या तुम्ही टँककडे बघून म्हणालात, "एवढ्या खटाटोपात दोन सुरमया आल्या असत्या." बायको अजून हसतेय.

चाळीत सगळ्यांना एवढंच कळलंय की माझ्या टँकची ट्यूब गेली आणि काकांनी एलईडी लावून दिली. खरा प्रकार मी कुणाला सांगितला नव्हता. लाज वाटत होती. आता लिहून टाकतो.

टँक दोन फुटी. दोन बाय एक बाय एक, म्हणजे काठोकाठ भरला तर 56 लिटर. वरचं झाकण, ज्याला दुकानदार हूड म्हणतात, त्यात 18 वॅटची दोन फुटी ट्यूब, चोक आणि स्टार्टर. आषाढात ट्यूब लुकलुकायला लागली. मी स्टार्टर बदलला. चार दिवस चालली, मग टोकं काळी पडली. ट्यूब बदलली. ती पंधरवडाभर टिकली. मग एकाने सांगितलं की आता एलईडी ट्यूबच लावा, लांबी तीच असते. लांबी तीच असते हे खरं, पण तिला चोक-स्टार्टर लागत नाही आणि आतली जोडणी बदलावी लागते, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती दोनदा डोळे मिचकावून गप्प झाली. टँकच्या दुकानात हूड दाखवला तर म्हणाले, हे मॉडेल येत नाही, टँकच नवीन घ्या. वर सल्ला असा दिला की जणू मासे नव्या टँकला चिकटवूनच येतात.

हे सगळं मी दर वेळी बटण बंद करून केलं. स्वतःला फार सावध समजत होतो.

मग त्या रविवारी वाळलेलं पान काढायला पाण्यात हात घातला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. बटण बंद होतं. अंगाखाली हात राहिला असेल, झोपेत अवघडला असेल, अशी समजूत घालून दुसरा हात घातला. त्यालाही मुंग्या. लादी ओली, पाय अनवाणी. तेव्हा कुठे खाली येऊन तुम्हाला हाक मारली.

तुम्ही काय केलंत ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पिशवी उघडली नाही. हूडला हात लावला नाही. खिशातला टेस्टर काढून हूडच्या आतल्या पत्र्याला टेकवला आणि टेस्टरमधला तो नारिंगी ठिपका पेटला. बटण बंद असताना! तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "पाण्यात हात घालूच्या आधी प्लग काढूक व्हयो. स्विच नाय, प्लग!"

मग एकेक प्लग काढत गेलात. फिल्टर काढला, ठिपका तसाच. हवेचा पंप काढला, तसाच. हूडचा प्लग काढला आणि ठिपका विझला. त्यानंतर बोर्ड उघडून दाखवलात की बटण वीज आणणाऱ्या फेजवर नसून परतीच्या न्यूट्रलवर जोडलंय. म्हणजे मी बटण बंद करत होतो तेव्हा परतीची वायर तुटत होती आणि 230 व्होल्ट हूडमध्ये आरामात बसून होते. प्लग दोन पिनांचा, त्यामुळे अर्थिंगच नाही. गळून आलेला करंट जाणार कुठे, तर माझ्यातून लादीत. तीन वेळा त्या होल्डरमध्ये बोटं घालून मी पिना घासल्या होत्या, काका. तीन वेळा.

फ्यूज का नाही उडाला, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही थांबून समजावलंत. फ्यूज वितळायला काही अँपिअर लागतात, माणूस जायला पन्नास-शंभर मिलिअँपिअरही पुरतात. फ्यूज वायरीसाठी असतो, माणसासाठी नाही. तुम्ही सांगितलेला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, शनिवारी लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणला. बसवायचं काम तुमचंच, पण विसर्जनानंतर. घाई नाही. तोवर टँकमध्ये हात घालायच्या आधी मी प्रत्येक प्लग उपसून टेबलावर ओळीने ठेवतो. बायको म्हणते, शस्त्रपूजा चाललीय.

आणि तो हूड उघडल्यावरचा देखावा! होल्डरचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पापडासारखं मोडून तुमच्या तळहातावर आलं. पितळी पट्ट्यांवर हिरवा मळ, स्क्रूंचा नुसता तांबडा चुरा, चोकच्या कोपऱ्याला एक थेंब लोंबकळतोय. ट्यूब पुन्हा पुन्हा का जाते याचं उत्तर त्या थेंबात होतं. टँक आणि हूड यांच्यामध्ये काच नव्हतीच. ती दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून फुटली आणि नवीन कापून आणायचा मी आळस केला. दिवसभर वाफ वर जायची, रात्री ट्यूब निवली की तिचं पाणी व्हायचं. फिल्टरचे तुषार उडून सुकले की मागे क्षार उरायचे, आणि ओल्या क्षारातून करंट मजेत चालतो. मी ट्यूब बदलत बसलो. तुम्ही आधी थेंब बघितलात. तो हिरवा मळ म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि तांबं गोगलगायींना विष. आषाढातच माझ्या चार गोगलगायी गेल्या होत्या. त्यामुळेच गेल्या असं छातीठोक म्हणत नाही, पण त्या हूडखाली मी आता काहीही नाकारणार नाही.

नवीन काम तुम्ही तासाभरात केलंत, पण त्यातली एकही गोष्ट मला सुचली नसती. चोक, स्टार्टर, होल्डर सगळं बाहेर. 230 व्होल्ट हूडमध्ये जाताच कामा नयेत. आत फक्त 12 व्होल्टची, सिलिकॉनच्या नळीतली एलईडी पट्टी, अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन तुकडे. मीटरला 14 वॅटच्या आसपास, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आत, म्हणून अॅडॅप्टर 2 अँपिअरचा. "त्याला धापा टाकायला लावायचं नाही." पट्टी कापलीत ती छापलेल्या कात्रीच्या खुणेवरच, आणि कापलेली तोंडं सिलिकॉनने बंद केलीत. सिलिकॉनही बाथरूमचं चालणार नाही, त्यात बुरशीचं औषध असतं आणि मासे मरतात, हे मी तुम्हाला सांगितलं. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलेली ही एकुलती एक उपयोगी गोष्ट, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

खोलीभर ओल्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास. 24 तास हूड टँकवर ठेवायचा नाही, अशी तुम्ही तंबी दिलीत. तेवढ्यात मंडपाच्या सामानातला अॅक्रिलिकचा उरलेला तुकडा आणून काचेच्या जागी झाकण कापलंत, आणि एका कोपऱ्याला खाद्य टाकायला खाच ठेवलीत. अॅडॅप्टर भिंतीवर, पाण्यापेक्षा वर. वायर सरळ ताणून न आणता तिला झोळ दिलात, प्लगच्याही खाली जाईल इतका. थेंब वायरीवरून ओघळला तरी झोळाच्या तळाशी येऊन गळेल, सॉकेटमध्ये चढणार नाही. इतकी साधी गोष्ट! आता मी फ्रीजच्या आणि टीव्हीच्याही वायरींकडे बघतो.

मी विचारलं, हे कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, गिरणीत. तिथे तर हवाच मुद्दाम दमट ठेवायचे, सूत तुटू नये म्हणून. त्या दमट हवेत ट्यूब चालू ठेवायच्या म्हणजे काय, ते मला आत्ता कळतंय. 1982च्या गिरणी संपात तुमचं खातं बंद झालं ते झालंच. तेव्हापासून हा टेस्टर खिशात आहे, असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात आणि लगेच पक्कड मागितलीत. मीही पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावला. मासे आधी बिचकून जावा मॉस या पाणवनस्पतीमागे दडले. मग एकेक बाहेर आला. निऑन टेट्राच्या अंगावरची निळी रेघ मी कित्येक महिन्यांनी पाहिली, जुन्या ट्यूबखाली ती राखाडी दिसायची. हौसेने पहिला आठवडा बारा-बारा तास दिवा ठेवला आणि काचेवर शेवाळ धरलं. आता आठ तासांचा टायमर आहे. तुम्ही विचारलं होतंत ना, "यांका रातीक झोप येता काय?" येते, काका. पापण्या नसल्यामुळे डोळे उघडेच असतात, पण अंधार लागतो.

पैशांचं तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. सामानाचे तेवढे घेतलेत आणि मजुरीचं काढल्यावर म्हणालात, "चाळीमागच्या हौदात डास झालेत, दहा-बारा गप्पी दे." पालिकेची माणसं सोडतात तेच हे मासे, फक्त माझ्याकडचे जरा रंगीत शेपटीचे. परवा एका मादीने पिल्लं टाकली, पण ती हौदात टिकायला अजून लहान आहेत. म्हणून मोठे चौदा बाजूला काढलेत. हौदाच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून रोज त्यातलं तांब्याभर पाणी त्यांच्या बादलीत घालतोय. रविवारी सकाळी, तुम्ही मंडपात जायच्या आधी, बादली घेऊन खाली येतो. नातवाला उठवून ठेवा, त्याच्याच हातून सोडू.

आपला,
चौथ्या मजल्यावरचा टँकवाला

ता. क. बोर्डातल्या बाकीच्या बटणांवर टेस्टर लावून बघितला. स्वयंपाकघरातलं एकही न्यूट्रलवर नाही. बाहेरच्या खोलीतलं एक आहे. त्यावर कागद चिकटवून ठेवलाय, "काका येईपर्यंत हात लावू नये".