'किरकोळ जखमी' कोणाला म्हणावे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'दुचाकीच्या मागे बसलेला इसम किरकोळ जखमी झाला' हे वाक्य आपल्या दैनिकात पावसाळ्यात दर दोन दिवसांआड वाचायला मिळते. गेल्या वर्षी जूनमध्ये ते माझ्या धाकट्या भावाविषयी छापून आले आणि ते वाचून आम्हा घरच्यांना हायसे वाटले होते. फोंड्याहून बोरीकडे येताना स्कूटर घसरली, मागे हेल्मेटविना बसलेला भाऊ उताणा पडला आणि डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटला. इस्पितळात सीटी स्कॅन झाला, टाके पडले, दोन रात्री देखरेखीखाली ठेवले आणि 'स्कॅन नॉर्मल आहे' असे सांगून घरी पाठवले. त्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मेंदूत रक्तस्राव आहे का, हे त्यांना आधी पाहायचे होते आणि तो नव्हता. मात्र 'स्कॅन नॉर्मल' म्हणजे 'माणूस नॉर्मल' अशी आम्ही समजूत करून घेतली, ती चुकीची होती.

घरी आल्यावर आठवड्याभराने एका सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपलाच पेपर वाचत बसला होता. शेगडीवरचे दूध उतू गेले, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. मागीलदारी कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या भावजयीला तो वास अंगणापर्यंत आला, म्हणून ती धावत आत आली. शेगडीपासून चार हातांवर बसलेल्या भावाला काहीच कळले नव्हते. त्याचे लक्ष नव्हते, असे म्हणून आम्ही तेही सोडून दिले. पुढे म्हार्दोळला जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेला गेलो, सारे देऊळ घमघमत होते, तेव्हा प्रसादाची फुले नाकाशी धरून तो बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, मला कागद हुंगल्यासारखं वाटतंय."

मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या (इंग्रजीत 'नर्व्ह') बारा जोड्या असतात, हे मी शाळेत विज्ञान शिकवताना कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत आले. पहिली जोडी वासाची. तिचे केसाहून बारीक धागे नाकाच्या छताला असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूकडे जातात. डोके आपटले की कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे-मागे हेलकावतो आणि हे धागे त्या हाडाशी ताणले जातात किंवा तुटतात. म्हणून मार मागे लागला तरी इजा समोरच्या या धाग्यांना होऊन वास जातो, आणि हाड मोडलेले नसल्यास स्कॅनमध्ये त्याचा मागमूसही नसतो. डोक्याच्या दुखापतीत सर्वाधिक वेळा इजा होते ती याच चेतेला. इतके सारे ठाऊक असूनही माझ्याच भावाच्या बाबतीत ते मला सुचले नाही, याची खंत वाटते.

दुसरी गोष्ट आम्ही 'मान आखडली' म्हणून तेल चोळण्यात घालवली. तो मान एका खांद्याकडे कलती ठेवून चालायचा आणि माडीवरून उतरताना कठड्याला घट्ट धरून पायाने पायरी चाचपायचा. नेत्रतज्ज्ञांनी पाहताक्षणी विचारले, "खाली बघताना एकावर एक अशा दोन पायऱ्या दिसतात का?" तसेच होते. डोळा फिरवणाऱ्या चेतांपैकी चौथी सर्वांत बारीक, आणि कवटीच्या आतला तिचा मार्ग सर्वांत लांबचा, त्यामुळे धक्क्यात ती सापडते. मान कलती केली की दोन प्रतिमा एकमेकींवर येतात, म्हणून रुग्ण नकळत तसे करतो. अशी इजा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरून येते. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा प्रिझमच्या काचांचा चष्मा देतात, आणि सुधारणा थांबली तर पुढे स्नायूची शस्त्रक्रिया करता येते. भावाला प्रिझमने दिलासा मिळाला. वास मात्र परतलेला नाही. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोनदा हुंगण्याचा सराव तो चिकाटीने करतो. लवंगेचा काहीतरी भास होतो, असे मध्यंतरी म्हणाला. खरे की आमच्या समाधानासाठी, कोण जाणे.

माझी आरोग्य खात्याला विनंती आहे की, डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी पाठवताना मराठीत व कोकणीत छापलेला एक कागद द्यावा. वास येतो का, दोन दिसते का, हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते का, डोळा पूर्ण मिटतो का, एका कानाने कमी ऐकू येते का किंवा गरगरते का, एवढेच प्रश्न त्यावर असले तरी पुरे, आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा तपासावेत. चेहऱ्याचा लकवा कधीकधी काही दिवसांनी उमटतो. तो आघाताबरोबरच आला की नंतर, यावर उपचार ठरतात, तेव्हा पहिल्या दिवसाची नोंद हवीच. नुकसानभरपाईच्या दाव्यातही कागदावर जे नाही ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात. रुग्ण पेंगू लागला व एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, किंवा नाकाकानातून पाण्यासारखा द्रव गळू लागला, तर मात्र पंधरा दिवस सोडाच, पंधरा मिनिटेही न थांबता १०८ ला फोन करावा, हे त्या कागदावर ठळक अक्षरांत असावे.

आपल्या वार्ताहरांनीही 'किरकोळ' हा शब्द डोक्याच्या दुखापतीपुरता तरी टाळावा. आणि ज्या घरात असा वास गेलेला माणूस आहे, त्यांनी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्यावे. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्यासाठी ते जमिनीलगत लावायचे असते. आमच्याकडे बसवायला आलेला मुलगा ते छताजवळ लावायला निघाला होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा