पन्नास मीटरच्या रायफलीसाठी गुंठे विकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नेमबाजीवर काही आलं की आमच्या क्लबात त्याचं कात्रण फिरतं आणि स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ घेतल्यापासून तर बरंच येतंय, आनंदच आहे. पण दरवेळी त्यात एक वाक्य असतंच, की हा पैसेवाल्यांचा खेळ, नुसती रायफलच लाखांत जाते. ते वाचून पालक काय करून बसतात हे मला दिसतं, कारण क्लबच्या रायफली साफ करणं, सेटिंग करून देणं हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. म्हणून लिहितोय, लांबलं तर कात्री लावा.

मध्यंतरी राधानगरीकडचे एक गृहस्थ आले. मुलगी दहा मीटर एअर रायफल चांगली मारते, आता तिला पन्नास मीटरला टाकायचंय म्हणून रस्त्यालगतचे चार गुंठे विकायला निघालेले. मोबाईलमध्ये जर्मन रायफलीचा फोटो, निळा ॲल्युमिनियमचा स्टॉक (म्हणजे दस्ता), बघितल्यावर कुणालाही मोह होईल अशी. मी विचारलं पोरीनं .२२, म्हणजे पन्नास मीटरला लागणारी काडतुसाची रायफल, कधी मारलीय का, तर म्हणाले एनसीसीच्या कॅम्पात. ठीक आहे, ती पण बोल्ट ॲक्शनच. बोल्ट उचला, मागं ओढा, गोळी ठेवा, बोल्ट पुढं ढकलून खाली दाबा, संपलं. हलणारे पार्ट कमी, गोळी दरवेळी तशीच बसते आणि ट्रिगर सुटल्यापासून पिन आदळेपर्यंत वेळ अगदी थोडा जातो, म्हणून टार्गेटसाठी हीच पद्धत टिकून आहे, महागडी असो नाहीतर स्वस्त.

आता जरा हिशोब करू. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते, गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि गोळीची कड रिंगला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा पक्के. म्हणजे रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडून मारलेल्या सगळ्या गोळ्यांचे मध्य १६ मिलिमीटरच्या गोलात बसत असतील आणि साईट नीट लावलेली असेल तर ती रायफल स्वतःहून एकही गुण घालवत नाही, जे गुण जातात ते आपले, श्वासाचे, ट्रिगरचे, वाऱ्याचे. थ्री पोझिशनची (उभं, गुडघ्यावर बसून आणि झोपून मारायच्या प्रकाराची, स्वप्नीलचं पदक यातलंच) पात्रता फेरी पूर्ण गुणांतच मोजतात, स्वप्नीलने पॅरिसला त्यात ६०० पैकी ५९० मारले होते. दशांश येतात ते फायनलला, तिथं त्याचे ४५१.४ झाले. तिथपर्यंत पोचलेल्याला एकेक मिलिमीटर महाग, त्यानं खुशाल नवी घ्यावी. जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या पोराला वीस-पंचवीस वर्षांची बरी राखलेली रायफल आणि तिला मानवणारी गोळी मिळाली तर हा १६ मिलिमीटरचा गोल गाठता येतो, आम्ही जुन्या रायफलीवर तो गाठलेला आहे.

जुनी म्हणजे कुठली, हे सगळे विचारतात. आपल्याकडे अँशुट्झ जास्त दिसते आणि तिच्या मॉडेल नंबरावरूनच बरंच कळतं. १४ ने सुरू होणारे नंबर सगळ्यात जुने, मग १८, मग १९. शेवटी ०७ किंवा १३ असेल तर आत मॅच ५४ ॲक्शन (म्हणजे बोल्टची सगळी यंत्रणा), ०३ असेल तर मॅच ६४, ती हलकी आणि स्वस्त. माझं मत विचाराल तर सुरुवात करणाऱ्याला १८०७ किंवा १९०७ मिळाली तर डोळे झाकून नाही पण डोळे उघडे ठेवून घ्यावी, आणि किरकोळ अंगाच्या मुलांना १९०३ सुद्धा पुष्कळ झाली. १३ वाल्या जड असतात. नियमात रायफल ८ किलोपर्यंत चालते म्हणून पंधरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर तेवढी द्यायचीच असं काही नाही. जुन्या वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ पण उत्तम असतात, फक्त आपल्याकडे त्यांचे स्पेअर मिळवताना दमछाक होते. ऑर्डनन्स फॅक्टरीची .२२ स्पोर्टिंग रायफल दणकट आहे, हात बसायला चालेल, पण मॅचसाठी लागणारा ट्रिगर आणि स्टॉक तिच्यात नाही. टेक्सासला आमचा भाचा असतो, तो झेक कंपनीची सीझेड ४५७ पाच-सहाशे डॉलरला घेऊन वर दुर्बीण लावून मजेत मारतो आणि मला सांगतो मामा एवढी स्वस्त असताना तुम्ही कशाला जर्मनच्या मागं लागता. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, रायफल खरंच चांगली आहे, पण ऑलिम्पिक पद्धतीच्या थ्री पोझिशनला दुर्बीण चालतच नाही, मागं डायोप्टर, म्हणजे बारीक भोकातून बघायची साईट, आणि पुढं रिंगची साईट लागते, आणि उभं, गुडघ्यावर बसून, झोपून तिन्हीकडं बसेल असा स्टॉक लागतो.

सेकंडहँड बघायला जाताना पॉलिशकडं बघू नका, लाकडावरचे ओरखडे गोळीला कळत नाहीत. बॅरलचं तोंड बघा. भिंग घेऊन जा, कडेला ठोकर लागलेली किंवा चुकीच्या रॉडनं घासून एका बाजूनं झिजलेली असेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या. मग जरा घट्ट बसणारं कापडाचं पॅच रॉडवर लावून चेंबरकडून (गोळी बसते त्या टोकाकडून) हळूहळू ढकला, हाताला सगळीकडं सारखा अडथळा लागला पाहिजे. चेंबरच्या लगेच पुढं अडकल्यासारखं झालं तर तिथं कार्बनचा कडक थर बसलाय, तो बहुतेकदा साफ होतो, मालकानं वर्षानुवर्षं केलेला नसतो एवढंच. पण मधेच एखाद्या ठिकाणी एकदम सैल गेलं तर तिथं बॅरल फुगलेली असू शकते, त्या रायफलीला नमस्कार करून घरी या. .२२ ची गोळी शिशाची, वेग आवाजापेक्षा कमी, त्यामुळं बॅरल लवकर झिजत नाही, पन्नास हजार गोळ्या मारल्यात म्हणून घाबरायचं कारण नाही. गोळ्या वर-खाली उभ्या रेषेत पसरत असतील तर आधी पिनची स्प्रिंग बदलून बघा, फार खर्च नाही. ॲक्शन स्टॉकला बांधणारे स्क्रू टॉर्क पान्यानंच आवळायचे, अंदाजानं नाही, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. आणि भावात डायोप्टर धरलाय का हे आधी विचारा. आमच्या एका पोराच्या वडिलांना एका विक्रेत्यानं फोटोत डायोप्टर दाखवून रायफल तेवढी हातात दिली, वर म्हणतो तो वेगळा. त्याचेच चाळीस-पन्नास हजार सहज जातात.

उरलेला पैसा गोळीत घाला. पेटीवर कंपनीच्या नावापेक्षा लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांचा नंबर, बघायचा, कारण एकाच कंपनीच्या एकाच भावाच्या दोन लॉटपैकी एक तुमच्या बॅरलला मानवतो आणि दुसरा नऊवर नेऊन ठेवतो, एकाला चढवलेला चष्मा दुसऱ्याला लागत नाही तसं. मोठे नेमबाज यासाठी रायफल घेऊन लापुआ या गोळ्यांच्या कंपनीच्या जर्मनीतल्या शोनबेकच्या नाहीतर इली कंपनीच्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या टेस्ट रेंजला जातात. आपण निदान चार-पाच लॉटच्या एकेक पेट्या आणून टेकू देऊन, वारा नसताना सकाळी, प्रत्येकाचे दहा-दहाचे ग्रुप मारून बघू शकतो. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत, आधीच्या गोळीचं मेण बॅरलमध्ये असतं.

कायद्याचं कुणी सांगतच नाही. साध्या एअर रायफलीला लायसन्स लागत नाही म्हणून लोकांना वाटतं .२२ पण दुकानात जाऊन आणायची. तिला आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागतं, ते २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे निघत नाही, त्याआधी मुलांनी क्लबच्या रायफलीवर मोठ्यांच्या देखरेखीखाली सराव करायचा असतो. मग चार गुंठे विकून आणलेली रायफल राहणार कुणाच्या नावावर, हा प्रश्न त्या गृहस्थांना कुणी विचारलाच नव्हता. एका लायसन्सवाल्यानं दुसऱ्याला रायफल विकायची तरी ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं, त्यामुळं कुणी घाईघाईत रोख मागत असेल तर समजून जा.

त्यांच्या मुलीला आम्ही क्लबची जुनी १८१३ दिली, नको ती वजनं काढली, बट प्लेट तिच्या खांद्याला लावून दिली, गालाची पट्टी जरा खाली घेतली. आधी मान वाकडी करून डायोप्टर शोधत होती, आता डोकं टेकवलं की समोर रिंग येते. गुंठे अजून आहेत, पुढं लागतील तेव्हा बघता येईल.

तुम्हाला विनंती एवढीच, की पदकाच्या बातमीशेजारी कुठल्या जिल्ह्यात कुठल्या क्लबकडं मुलांना वापरायला .२२ रायफली आहेत याची यादी एकदा छापा. आणि बालेवाडीला असो नाहीतर विभागाच्या रेंजवर, रायफल व्हाइसमध्ये पकडून लॉट तपासायची सोय बाहेरच्या क्लबांनाही महिन्यातून एक दिवस मिळावी म्हणून क्रीडा खात्याच्या मागं लागा. आम्ही आमच्या रायफली एसटीनं नाही पण क्लबच्या गाडीनं, कागदपत्रांसकट घेऊन येऊ, पहाटे निघायचीही तयारी आहे.

आपला,
एक जुना नेमबाज, कोल्हापूर