चि. मनूस, पहिलं सॅम्पल घेण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

नैराश्य आणि दाह (इन्फ्लमेशन) यांच्यावरच्या तुझ्या अभ्यासाचा आराखडा दोनदा वाचला. नैराश्याचे दीडशे पेशंट, तुलनेसाठी नैराश्य नसलेले दीडशे कंट्रोल, प्रत्येकाच्या रक्तातलं सीआरपी आणि आयएल-६ (दोन्ही दाहाच्या खुणा) आणि पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. प्रश्न मोलाचा आहे, म्हणूनच जरा कडक लिहिते.

आधी प्रस्तावनेतलं ‘नैराश्य हा दाहाचा आजार आहे’ हे वाक्य खोड. २०१३ साली प्रसिद्ध झालेली, अटलांटाच्या एमरी विद्यापीठातली इन्फ्लिक्सिमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाची चाचणी पुन्हा वाच. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले ६० जण, तीन वेळा शिरेतून औषध, १२ आठवडे. सगळ्यांचा मिळून विचार केला तर औषध आणि प्लासिबो (औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस) यांत फरक दिसला नाही. ज्यांचं सुरुवातीचं सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर होतं, त्यांना औषधाचा फायदा होण्याकडे कल दिसला; ज्यांचं कमी होतं, त्यांना प्लासिबोच बरं ठरलं. म्हणजे दाह काही जणांत असतो. तुला शोधायचे आहेत ते हे ‘काही जण’.

ते सापडणं ट्यूबच्या आधीच बिघडतं. सुजलेल्या हिरड्या, मिश्री, सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या, कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन, नुकतीच घेतलेली लस, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम, जागरण हे सगळं प्रत्येकाला विचारून लिहून ठेव. ‘गेल्या दोन आठवड्यांत ताप किंवा खोकला?’ हा प्रश्न तर चुकवूच नकोस. आणि पेशंट जुलै ते सप्टेंबरमध्ये, कंट्रोल जानेवारीत असं होऊ देऊ नकोस. पुण्यात पावसाळ्यात डेंगी असतो, फ्लू असतो. मग तुला दिसेल तो फरक आजाराचा नसून ऋतूचा. दर महिन्याला दोन्ही गट सारखे भरत जा.

चरबीपेशीही आयएल-६ बनवतात, म्हणून तू बीएमआयची (उंचीच्या मानानं वजनाची) नोंद ठेवली आहेस. आपल्या लोकांत तेवढ्यानं भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं २००४ मधलं ‘लॅन्सेट’मधलं छायाचित्र आठव: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. कमरेचा घेर टेपनं मोज, दोनदा, श्वास सोडल्यावर. जमलं तर चरबीचं प्रमाणही.

सीआरपी ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ पद्धतीनंच करून घे. साधी चाचणी बऱ्याच ठिकाणी ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच लिहून देते, आणि तुझं काम तर एक ते पाचच्या दरम्यानच चालतं. दहाच्या वर आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपास. सरसकट वगळलंस तर संसर्गाबरोबर स्थूल माणसंही गळतील. नियम आकडे पाहण्याआधी ठरव आणि लिहून ठेव.

रक्त सकाळी ८ ते १०, उपाशीपोटी. आयएल-६ दिवसभरात बदलतं. ताज्या सुईनं घे. आधीपासून लावलेल्या कॅन्युलातून नको, तिथे जागेवरच आयएल-६ तयार होतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब घे, कारण सीरमसाठी रक्त गोठू दिलं की गोठताना पेशी सायटोकाइन (आयएल-६सारखी दाहाची प्रथिनं) सोडतात. तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जीवर १५ मिनिटं फिरव. ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे: रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर साधारण ३००० आरपीएम, १० असेल तर ३६६०. प्लाझ्मा काढताना तळाशी अर्धा सेंटिमीटर सोड, पांढऱ्या पेशींच्या थराला पिपेट लागता कामा नये. २५० मायक्रोलिटरच्या चार नळ्या भरून उणे ८० अंशांत ठेव. एक नळी एकदाच वितळवायची. लालसर प्लाझ्माची (म्हणजे लाल पेशी फुटल्या) वेगळी नोंद हवी.

आयएल-६ मोजायच्या एलायझा चाचणीच्या प्लेटवरच्या ९६ खळग्यांपैकी १६ स्टँडर्डला (माहीत प्रमाणाच्या द्रावणांना) आणि ४ चाचणी तपासण्याच्या सॅम्पलला गेले की ७६ उरतात, म्हणजे दोन-दोन खळग्यांनी ३८ माणसं. प्रत्येक प्लेटवर १९ पेशंट आणि १९ कंट्रोल, जागा चिठ्ठ्या टाकून. पेशंट एका प्लेटवर आणि कंट्रोल दुसऱ्या प्लेटवर गेले तर ती चूक नंतर कोणत्याही गणितानं निघत नाही. आठ प्लेटा लागतील. सगळे किट एकाच लॉटचे (एकाच वेळी बनवलेले) मागव. निरोगी माणसाचं आयएल-६ मिलिलिटरला एक-दोन पिकोग्रॅम असतं, साध्या किटच्या तळाला टेकलेलं. वाचता न आलेल्या सॅम्पलला शून्य लिहू नकोस. अशी किती होती ते सांग.

पीएचक्यूची नुसती बेरीज वापरू नकोस. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न झोप, थकवा आणि भुकेचे. साध्या तापातही ते वाढतात. पहिले दोन, म्हणजे गोडी न वाटणं आणि मन उदास असणं, वेगळे तपास. मला खरी उत्सुकता त्यांचीच आहे.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तो फॉर्म माणूस समोर बसलेला असतानाच वाचायचा, संध्याकाळी डेटा भरताना नाही. शून्याहून जास्त उत्तर असेल तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे कोण नेणार, त्यांचं नाव आणि फोन टेबलावर चिकटवून ठेव, शेजारी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. कंट्रोल गटातही असं उत्तर येतं. या व्यवस्थेचं पान आराखड्यात मला दिसलं नाही. एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी ते जोड आणि मला पाठव.

तुझी,
आई