गृहमंत्र्यांना खुले पत्र: आमची चोरी आधी लिहून तरी घ्या

माननीय गृहमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सविनय नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, निपाणीत गुन्हे वाढले की घटले हे आज कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. राष्ट्रीय पातळीवर दरवर्षी गुन्ह्यांचा जो अहवाल निघतो, त्यात शहरांचे वेगळे आकडे असतात ते महानगरांचे. बाकी सगळे जिल्ह्याच्या बेरजेत जाते. आमचा बेळगाव जिल्हा तर २०११ च्या जनगणनेतच ४७ लाख ७९ हजारांचा, अथणीच्या उसापासून खानापूरच्या जंगलापर्यंत पसरलेला. बेळगाव शहराला २०१४ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून त्याचा हिशेब निदान वेगळा लागतो. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, खानापूर ही ना धड खेडी ना धड शहरे. दर लाख लोकसंख्येमागे इथे किती घरफोड्या झाल्या, हे साध्या माणसाला कुठे वाचायला मिळत नाही.

आणि इथली माणसे घाबरलेली आहेत, साहेब. अकोळ रोड, मुरगूड रोडच्या बाजूला प्लॉट पडत गेले, घरे झाली. निम्म्या घरांत म्हातारे आई-वडील, मुले पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. लग्नसराईत दोन दिवस गावाला जायचे तर बाहेरचा दिवा चालू ठेवायचा, शेजारणीला सांगून जायचे आणि तिकडे अक्षता पडेपर्यंत जीव टांगणीला. वखारीतून नाहीतर दुकानातून संध्याकाळी सुटलेल्या बायका घोळक्यानेच घरी येतात, मंगळसूत्र पदराखाली घेऊन.

माझ्या मावशीचे सांगते. ती सीमाभागातल्याच दुसऱ्या एका गावात राहते. लग्नाहून परत आली तर दाराचा कोयंडा कापलेला, कपाट उघडे आणि स्वयंपाकघरात गव्हाची कोठी उपडी केलेली. बायका दागिने धान्यात ठेवतात हे चोरांना पक्के ठाऊक असते. तिच्या आईच्या पाटल्या गेल्या, बोरमाळ गेली. ठाण्यात गेली तर आधी, "अर्ज देऊन जा, बघतो." कोऱ्या कागदावरचा अर्ज, त्यावर ना शिक्का ना पोच. मग सोन्याच्या पावत्या आणा म्हणाले. आईने लग्नात घातलेल्या पाटल्यांची पावती कोणाकडे असते? शेजारचे एक निवृत्त मास्तर सोबत गेले, तेव्हा कुठे फिर्याद नोंदवली गेली, पण ती कन्नडमध्ये. मावशी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कोणी वाचून दाखवले नाही, सांगितले तिथे तिने सही केली. पुढे वकिलांनी वाचली तेव्हा कळले की बोरमाळ लिहिली आहे, पाटल्यांचा उल्लेखच नाही.

ठाण्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की एका हवालदाराची बदली होते आणि प्रकरण मिटते. मला ते नको आहे.

कायद्यात काही उणे असते तर तसे म्हटले असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सरळ सांगते: तोंडी सांगितलेली माहिती लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, मग सही, आणि प्रत ताबडतोब व फुकट. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद केलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. संविधानाच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडता येते. तरी मराठीत लिहिलेला अर्ज "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणून परत हातात मिळतो, आणि माणूस ठाण्यासमोर अर्ज लिहून देणारा शोधत फिरतो.

कन्नडला आमचा विरोध नाही. मूळ नोंद राज्यभाषेत असू द्या. पण सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, सोबत मराठी प्रत द्या. ज्या कागदावर पुढचा सगळा तपास आणि खटला उभा राहणार, तो फिर्यादीलाच कळू नये, ही सुरक्षितता कसली?

अर्जावर घालवलेले दिवस चोराच्या फायद्याचे असतात, हेही लक्षात घ्या. आपल्याच राज्याच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याप्रमाणे गर्दीच्या आस्थापनांनी कॅमेरे लावून चित्रीकरण ३० दिवस जपायचे असते. महिनाभर अर्ज नुसता पडून राहिला, तर नाक्यावरच्या दुकानातले चित्रीकरण पुसले गेलेले असते. मग "पुरावा नाही" हे उत्तर तयारच.

दुसरे गाऱ्हाणे हद्दीचे. निपाणीतून उचललेली मोटारसायकल महामार्गाला लागली की कोगनोळी ओलांडून कागल गाठायला किती वेळ लागतो? केए-२३ ची गाडी एमएच-०९ च्या गर्दीत मिसळली की इकडचे म्हणतात तिकडे चौकशी करा, तिकडचे म्हणतात गुन्हा तुमच्या हद्दीतला. नव्या संहितेत हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, अशी तरतूद आहे. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. सीमेवरच्या जिल्ह्याइतकी तिची गरज आणखी कुणाला असेल?

आपत्कालीन ११२ क्रमांकाचेही तपासून घ्या. कोगनोळी, सौंदलगा भागात मोबाईल कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. रात्री दोन वाजता दारावर धडका बसत असताना लावलेला फोन कोणत्या राज्याच्या नियंत्रण कक्षात वाजतो, आणि चुकून पलीकडे वाजला तर किती मिनिटांत निपाणीला वळतो? दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून एका रात्रीत चाचणी घेता येईल.

सीमेवर पोलीस उभे करता येतात, हे आम्ही पाहिलेले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या अधिवेशनाच्या वेळी महाराष्ट्रातल्या नेत्यांना अडवायला कोगनोळी नाक्यावर केवढा बंदोबस्त होता! एक नोव्हेंबरला, मराठी माणसे काळा दिन पाळतात तेव्हाही, असतो. त्या बंदोबस्ताचा चौथा हिस्सा जरी सुगीत आणि लग्नसराईत रात्रीच्या गस्तीला मिळाला, तरी इकडच्या म्हाताऱ्या माणसांना झोप लागेल. मराठी माणसाने आपल्या भाषेसाठी जमणे हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न, आणि त्याचे घर फुटणे ही किरकोळ बाब, असे इथे लोकांना वाटू लागले आहे. ते वाटणे घालवणे आपल्या हातात आहे.

सर्वात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. खरा आकडा समोर नसला की गावात अफवेचे राज्य येते. "टोळी फिरतेय" असा एक संदेश मोबाईलवर आला की तरुण पोरे काठ्या घेऊन चौकात बसतात आणि दिसेल त्या परक्याला अडवतात. जुलै २०१८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात, मुरकीजवळ, मुले पळवणारे समजून जमावाने एका निरपराध तरुणाचा जीव घेतला. त्याच महिन्यात धुळ्याच्या राईनपाड्यात पाच जण ठेचून मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या विजापूरहून पंढरपूरला निघालेल्या साधूंना जत तालुक्यात बेदम मारहाण झाली. आमच्याकडे ऊसतोडीला टोळ्या येतात, फेरीवाले येतात, पालांवर राहणारी माणसे येतात. संशय आधी त्यांच्यावरच येतो. उद्या निपाणीत असे काही घडले तर काठी उचलणारा दोषी असेलच. पण महिनोन् महिने खरी माहिती न देणाऱ्या यंत्रणेचाही त्यात वाटा असेल.

म्हणून मागणी मोठी नाही. प्रत्येक ठाण्याच्या दाराशी फलक लावा. या महिन्यात घरफोड्या किती, वाहनचोऱ्या किती, त्यातल्या उघडकीस किती, मुद्देमाल परत किती, हे कन्नड आणि मराठीत लिहा. नोंदी नीट होऊ लागल्या की पहिल्या वर्षी आकडा वाढलेला दिसेल. त्यासाठी ठाणेदाराला जाब विचारू नका, उलट पाठ थोपटा, नाहीतर आकडा कमी दिसावा म्हणून पुन्हा अर्जच घेतले जातील. २०१७ साली आणलेल्या सुधारित बीट पद्धतीत प्रत्येक कॉन्स्टेबलकडे स्वतःचा भाग दिलेला आहे. आमच्या भागाचा कॉन्स्टेबल कोण आणि त्याचा फोन कोणता, हे गल्लीच्या तोंडाशी लिहून लावा. वेळेत नोंद न करणाऱ्या ठाण्याची तक्रार पोलीस अधीक्षकांकडे करता येते, हेही त्याच फलकावर मराठीत येऊ द्या. ठाण्यात मराठी वाचता-लिहिता येणारा एक तरी कर्मचारी दिवसपाळी आणि रातपाळीला हवा. निपाणीत असा माणूस मिळणे अवघड नाही.

सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावला याल, तेव्हा निपाणी, खानापूर, चिक्कोडी आणि संकेश्वर या चार गावांचे गेल्या तीन वर्षांचे ठाणेवार आकडे सभागृहाच्या पटलावर ठेवावेत. त्यात नोंदलेले गुन्हे किती आणि नुसते अर्ज म्हणून पडून राहिलेले किती, हे वेगवेगळे दाखवावे, ही विनंती.

आपली नम्र,
निपाणीतील एक रहिवासी