१९५ जणांचं काय झालं ते पण छापा

संपादक महोदय,

कालचा हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी कोर्टावरचा (युद्धगुन्हे, नरसंहाराचे खटले चालवतं ते) लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. म्हणे आपल्या देशातल्या गुन्ह्याचं आपण बघू, बाहेरच्यांचा संबंध काय, आणि १९७१ बद्दल एकच वाक्य, की भारताने मोठं मन करून युद्धात पकडलेले पाकिस्तानी कैदी परत केले. हे मोठं मन कोणाच्या जिवावर झालं ते कोण लिहिणार?

माझे वडील तेव्हा जबलपूरला कैद्यांच्या कॅम्पवर ड्युटीला होते. कैद्यांना वेळेवर रेशन, घरची पत्रं, सगळं मिळायचं आणि ते बरोबरच होतं, वडीलही तेच म्हणायचे. पण त्याआधी ते आताच्या बांगलादेशात जेसोरच्या बाजूला होते, तिथे एका म्हाताऱ्याने त्यांना गावातली विहीर दाखवली, आत काय होतं ते त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्याला ते शब्द देऊन आले होते की बाबा, यांच्यावर खटला होणार.

त्या ९३ हजार कैद्यांतले १९५ जण बांगलादेशाने तिथल्या लोकांवरच्या अत्याचारांच्या खटल्यासाठी वेगळे काढले, १९७३ ला त्यासाठी कायदा केला. तर पाकिस्तान भारताविरुद्ध हेगलाच, तिथल्या देशादेशांतले वाद सोडवणाऱ्या दुसऱ्या कोर्टात गेला, की तो भाग तेव्हा आमचा होता, खटल्याचा हक्क फक्त आमचा! वर पाकिस्तानात अडकलेले बंगाली अडवून ठेवले, बांगलादेशाला युनोत घ्यायला चीनचा व्हेटो होताच. शेवटी ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि ते सगळे १९५ घरी गेले. पुढे पाकिस्तानने एकावरही खटला चालवला नाही. वडील जाईपर्यंत विचारायचे, त्या म्हाताऱ्याला मी आता काय सांगू?

ज्याच्या सैन्याने केलं त्यालाच न्याय करू द्यायचा म्हणजे काय होतं ते असं दिसलं. आणि ज्या रोम करारावर लेखातलं हे कोर्ट उभं आहे, त्यात पहिला हक्क त्या त्या देशाचाच आहे, त्याने टाळाटाळ केली किंवा त्याला ते जमलंच नाही तरच हेगचं हे कोर्ट हात घालतं, एवढी साधी गोष्ट लेखात नाही. आपण त्या करारावर सही केलेली नाही, सरकारची कारणं असतील, पण निदान वाचकांना पूर्ण माहिती तरी द्या.

अजून एक. मागच्या डिसेंबरला विजय दिवसाला मी हेच लिहून पाठवलं होतं, तुम्ही वरच्या चार ओळी छापल्या आणि म्हाताऱ्याचा भाग गाळला. यावेळी जागा नसेल तर पत्रच छापू नका, पण तो भाग कापू नका.

- एक जुना वाचक, सातारा