आमचं नाव कापून गरिबी कमी झाली का?

मा. केंद्रीय नियोजन मंत्री यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात रेशन दुकानात अंगठा लावला तर दुकानदार म्हणाला, "मावशी, प्राधान्य यादीत तुमचं नाव राहिलं नाही." कचेरीत गेले. साहेबांनी दाखला पुढे केला. वर्षाचं उत्पन्न 52 हजार, खेड्यातल्या कुटुंबाला मर्यादा 44 हजार. विषय संपला.

साहेबांचा संपला, माझा नाही. आम्ही आटपाडी तालुक्यातले, घरात पाच माणसं. मालकांची कंबर ऊसतोडीत गेली. ते बाजेवर पडून आहेत. सासूबाईंना दिसत नाही. मी आणि थोरली लेक द्राक्षाच्या हंगामात तासगावकडे डिपिंगला (घड औषधात बुडवायला), विरळणीला जातो. रात्री दोघींचे हात सुजलेले असतात. एका बाईने 300 च्या हजेरीने दीडशे दिवस काम केलं तरी 45 हजार होतात. म्हणजे घरी बसले असते तर धान्य मिळालं असतं, राबले म्हणून गेलं.

तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 ची ग्रामीण दारिद्र्यरेषा माणशी महिना 816 रुपये होती. पाच माणसांचे वर्षाला 48,960. रेशनची आजची 44 हजारांची मर्यादा त्या जुन्या रेषेच्याही खाली आहे, साहेब. तेलाचा डबा तेव्हाच्या भावाने कुठे मिळतो ते सांगा, मी चालत जाऊन आणते.

मर्यादा राज्याची, हे मला माहीत आहे. पण राज्याचा इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा, तुम्ही 2011 च्या जनगणनेवर बांधून ठेवलाय. तो भरला की नवा गरीब आत घ्यायला जुना बाहेर काढायचा.

आणि जानेवारी 2024 मध्ये नीती आयोगाने सांगितलं की नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक गरिबीतून बाहेर आले, प्रमाण 29.17 टक्क्यांवरून 11.28 वर आलं. त्यांचे निकष बारा. वीज, संडास, गॅस, बँक खातं. हे आमच्या घरी आलं, त्याचा उपयोगही झाला, नाही म्हणणार नाही. पण त्या बारांत मजुरी नाही, कर्ज नाही, मोडलेली कंबर नाही. खातं आहे का बघता, खात्यात काय आहे ते बघत नाही. नाव कापताना मात्र बरोबर उत्पन्न काढता.

खासदारांचा महिन्याचा पगार तुम्ही महागाईला जोडलाय. 1 लाखाचा 1 लाख 24 हजार झाला, तेव्हा कुणाला दाखला मागितला नाही. आमचे 44 हजार तेवढे जागचे हलत नाहीत. पक्ष कुठलाही येवो, हे असंच.

आमच्याच सांगली जिल्ह्यात, विसापूरला, 1965 मध्ये तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला. काम मागायला येतो तो गरजू, एवढ्या विश्वासावर तो उभा होता. पुढे 1977 मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. तुमचा आमच्यावर तेवढाही विश्वास नाही.

मर्यादा महागाईला जोडायला राज्यांना भाग पाडा. इष्टांक आजच्या लोकसंख्येवर करा. ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय एकही नाव कापू नका. आणि आमचं धान्य याच महिन्यापासून चालू करा.

आटपाडी तालुक्यातली एक शेतमजूर